बोलीचे मोल

मराठीतील 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि आपल्या व्यवहारात स्थिरावला. त्याच्या जोडीचा 'बोली' हा शब्द मात्र आपला आहे. बोली म्हणजे बोलणे, बोलून दिलेले वचन. लिलावाची सारी नीती या एका शब्दात आहे, असे आम्हांला वाटते. बोलणाऱ्याने शब्द दिला. त्याच्यावर कोणी चढले की तो त्या शब्दातून मोकळा झाला. हरणाऱ्याची बोली वाया जाते, पण तिच्यापायी त्याला दमडीही मोजावी लागत नाही. २००५ नंतर इंटरनेटवर पसरलेल्या सशुल्क बोलीच्या लिलावांनी नेमका हाच संकेत मोडला. ते स्वस्ताईचे सौदे होते की जुगार, हा प्रश्न म्हणूनच केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही.

अनिश्चितता लिलावाला नवी नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये इंचभर मेणबत्ती पेटवून जहाजे विकली जात. ज्योत विझण्यापूर्वीची शेवटची बोली ग्राह्य धरली जाई. सॅम्युएल पेपिस याने १६६२ सालच्या दैनंदिनीत अशा एका विक्रीची हकिकत नोंदवली आहे. तेथे एक गृहस्थ इतरांहून चतुर निघाला. ज्योत विझताना धूर खाली वळतो हे त्याने हेरले होते, आणि त्या खुणेवरून तो अखेरचा क्षण ओळखी. येथे दैव होते, तसे निरीक्षणही होते. ज्यांना धुराची खूण कळली नाही ते रिकाम्या हातांनी परतले असतील, पण त्यांच्या खिशातील पैसे खिशातच राहिले.

म्यूनिकच्या एका कंपनीने २००५ साली 'टेलिबिड' या नावाने नवा प्रकार सुरू केला. पुढे तो 'स्वूपो' या नावाने ब्रिटन-अमेरिकेत पोहोचला. येथे प्रत्येक बोली आधी विकत घ्यावी लागे. अमेरिकेत २००९ च्या सुमारास एका बोलीला ६० सेंट पडत. तिने वस्तूची किंमत १२ सेंटांनी चढे, आणि मुदत संपत आली असेल तर घड्याळ काही सेकंद पुढे सरके. पेपिसच्या मेणबत्तीशी तुलना करायची तर ही प्रत्येक बोलीबरोबर पुन्हा वाढणारी मेणबत्ती होती. धुराकडे लक्ष ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

हिशेब साधा आहे. समजा, २०० डॉलरचा कॅमेरा ६० डॉलरला सुटला. शून्यापासून ६० डॉलरपर्यंत येण्यास ५०० बोली पडल्या. त्यांचे ३०० डॉलर झाले. विक्रेत्याच्या पदरात एकूण ३६० डॉलर आले. विजेत्याने स्वतः ५० बोली लावल्या असतील, तर त्याला कॅमेरा ९० डॉलरला पडला. त्याच्यापुरती ही खरीखुरी स्वस्ताई! मात्र उरलेल्यांनी मिळून २७० डॉलर घालवले आणि त्यांना काहीच मिळाले नाही. नेड ऑगेनब्लिक या अर्थशास्त्रज्ञाने स्वूपोच्या लाखाहून अधिक लिलावांचा अभ्यास करून २०१६ साली निष्कर्ष मांडला, की विक्रेत्याला वस्तूच्या मोलाच्या सरासरी दीडपट रक्कम मिळत होती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. हरलेल्याला बोलींवर गेलेली रक्कम वजा करून तीच वस्तू पूर्ण किमतीत घेण्याची सोय पुढे स्वूपोने दिली होती. ती सोय खरी. पण मग स्वस्ताई कोठे राहिली? स्वस्ताईच्या आशेने आलेल्या माणसाला पूर्ण किंमत मोजणे हाच तोटा आटोक्यात ठेवण्याचा मार्ग उरतो.

अशा सापळ्याची रूपरेषा मार्टिन शुबिक यांनी १९७१ सालीच एका खेळातून मांडली होती. एका डॉलरचा लिलाव करायचा. मात्र सर्वाधिक बोली लावणाऱ्याबरोबर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारानेही आपली रक्कम भरायची. मग दोघेही आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून बोली चढवत राहतात, आणि एका डॉलरसाठी डॉलरहून अधिक देऊ लागतात. गेलेले परत मिळवण्यासाठी पुढचा पण लावणे हे सभापर्वाच्या वाचकांना अपरिचित नाही.

कायद्याची कसोटीही येथे आठवते. मुंबई राज्यातील सशुल्क शब्दकोड्यांच्या स्पर्धांवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले. त्या कोड्यांत भाषाज्ञानाचा आव होता. प्रत्यक्षात संयोजकांनी आधीच मोहोरबंद केलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळावे लागे. कौशल्य निर्णायक आहे की दैव, ही ती कसोटी. तो निकाल लिलावांविषयी नव्हता, हे खरे. तरीही सशुल्क बोलीला ती कसोटी लावली, तर समोरचे अनोळखी लोक कधी थांबतील हे कोणत्या कौशल्याने कळणार?

आमच्या मते मात्र दैवाहूनही महत्त्वाची गोष्ट पैशाची वाट ही आहे. दुकानात एकाची स्वस्ताई दुकानदाराच्या नफ्यातून येते. येथे ती इतर गिऱ्हाइकांच्या हरण्यातून येते, आणि विक्रेता त्यातला मोठा वाटा घेतो. या व्यवस्थेला आम्ही जुगारच म्हणू. स्वूपो २०११ साली दिवाळखोरीत बंद पडली. तिच्या मूळ कंपनीचे नाव 'एंटरटेनमेंट शॉपिंग' असे होते. सभापर्वात द्यूताला निदान द्यूत तरी म्हटले होते.