तिखे, पोलाद, वूट्झ, स्टील : एका धातूची चार नावे

१/ विट्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी 'स्टील' मागितले, तर ताट-वाटी पुढे येते. बांधकाम-साहित्याच्या दुकानी मागितले, तर सळई. 'पोलाद' हा शब्द मात्र दोन्हीकडे क्वचितच कानी पडतो; तो आता पाठ्यपुस्तकांत आणि 'पोलादी निर्धारा'च्या भाषणांत उरला आहे. त्याहून जुना मराठी शब्द तर जवळजवळ विस्मरणात गेला. तो शब्द म्हणजे 'तिखे'. या नावांच्या प्रवासाचा हा धागा.

२/ आधी धातूविषयी. लोखंडाचे गुण त्यातील कर्बाच्या प्रमाणावर ठरतात. घडीव लोखंडात कर्ब नाममात्र असतो; ते मऊ असते, ठोकले की वाकते. बिडात तो साधारणपणे २ टक्क्यांहून अधिक असतो. बीड साच्यात ओतता येते, पण घाव बसला की तडकते. या दोहोंमधले ते पोलाद. ते घडवता येते, पाणी दिल्यावर कठीण होते आणि धार टिकवते.

३/ आपल्या पूर्वजांनी नाव ठेवले ते या धारेवरून. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्रीय ग्रंथात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत. यांतील 'तीक्ष्ण'पासून मराठी 'तिखे' आले. मोल्सवर्थच्या शब्दकोशात 'तिखें' म्हणजे पोलाद, असाच अर्थ दिलेला आहे. आपल्या स्वयंपाकघरातले 'तिखट' हे त्याच शब्दाचे सख्खे भावंड होय.

४/ मग 'पोलाद' कोठून आले? फारसीतून. 'पूलाद', 'फूलाद' ही त्याची फारसी रूपे. बहामनी आणि पुढे आदिलशाही अंमलात शस्त्रे आणि लष्कर यांची परिभाषा मोठ्या प्रमाणावर फारसी-अरबी वळणाची झाली. खंजीर, जंबिया, शिलेदार हे शब्द त्याच वाटेने आले. पोलादही त्याच वाटेने आले आणि तिखे मागे पडत गेले.

५/ येथे एक विलक्षण विरोधाभास आहे. शब्द इराणातून इकडे आला. माल मात्र इकडून इराणात जात होता! आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे पोलादाचे नामांकित केंद्र होते. १८२०च्या सुमारास हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षण खात्यातील शल्यवैद्याने तेथील भट्ट्या पाहिल्या, तेव्हा खरेदीसाठी इराणी व्यापारी येत असल्याची नोंद त्याने केली. अरबीत तर उत्तम तलवारीला 'मुहन्नद' म्हणत. अर्थात हिंदची, हिंदी पोलादाची.

६/ हे पोलाद मुशीत होई. घडीव लोखंडाचे तुकडे, वाळके लाकूड आणि हिरवा पाला मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपायचे, भट्टीत तासन्‌तास भाता चालवायचा आणि मग मूस सावकाश निवू द्यायची. लाकडातला कर्ब लोखंडात मुरे. दक्षिणेतील वर्णनांत हे लाकूड तरवडाचे, तर पाला रुईचा सांगितला आहे. खानापूर-आटपाडीच्या माळावर उगवणारी हीच ती झुडपे. आणि सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेल्या विटा परिसरातील कुटुंबांना 'मूस' म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

७/ तिसरे नाव इंग्रजांचे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४च्या सुमारास मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनते आणि तेथे त्याला 'वूट्झ' म्हणतात, असे नमूद आहे. 'वूट्झ' हे कन्नड 'उक्कु'चे बिघडलेले रूप, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय मुंबई हे पाठवणीचे बंदर होते. भट्ट्या होत्या दख्खनच्या आणि दक्षिणेच्या अंतर्भागात. कारागिरांचे गाव शीर्षकात आलेच नाही. पुढे मायकेल फॅरडेनेही याच वूट्झवर प्रयोग केले.

८/ चौथे नाव 'स्टील'. त्याचे मूळ प्राचीन जर्मानिक भाषेत असून मूळ भाव 'ठाम उभे राहणारे' असा आहे. म्हणजे आपण धार पाहिली, त्यांनी टणकपणा पाहिला, धातू एकच. मराठ्यांनी युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग' म्हटले, हेही येथे आठवावे. ज्याच्याकडून वस्तू आली, त्याचे नाव तिला चिकटले.

९/ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे कारखानी पोलाद स्वस्त दरात येऊ लागले आणि मुशींच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. जमशेदपूरला १९१२ मध्ये पोलाद निघू लागले, ते नव्या तंत्राने. दरम्यान १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. पुढे या धातूची भांडी घराघरांत पोहोचली आणि 'स्टील' मराठीच झाले.

१०/ या चार नावांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पोलाद, वूट्झ आणि स्टील ही नावे व्यापाराने, सत्तेने आणि कारखान्याने आणली. घडवणाऱ्याच्या हाताला जाणवलेला गुण सांगणारा आपला शब्द होता 'तिखे', आणि तोच आपण गमावला. भट्टी विझली की तिच्याभोवतीची भाषाही विझते. ताम्रपट आणि बखरी जपणाऱ्या आपण तिची नोंद ठेवत नाही.

११/ म्हणून एक विनंती. गावात अजून भाता चालवणारे लोहार असतील, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. पाणी देताना लोखंडाचा रंग कसा ओळखतात, चांगल्या आणि हलक्या लोखंडाला काय म्हणतात, हे विचारून गावाच्या नावासह लिहून ठेवा. 'तिखे' हा शब्द कोणाच्या तोंडी अजून आढळला, तर या धाग्याखाली अवश्य कळवा.