तळटीप २३ : वटाव-दर

२३. वटाव-दर : पुढे मिळणाऱ्या वा गमवाव्या लागणाऱ्या रकमेची आजची किंमत काढताना दरसाल जेवढे टक्के कमी धरतात तो दर. ‘लंडनचा अहवाल’ म्हणजे निकोलस स्टर्न यांचा हवामानबदलाच्या अर्थकारणावरील अहवाल (ऑक्टोबर २००६). ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी तो करवून घेतला होता. स्टर्न यांनी दर धरला सुमारे १.४ टक्के, येलचे विल्यम नॉर्डहाउस (नोबेल, २०१८) बाजारातला परतावा पाहून साडेपाचच्या आसपास होते. फरक किरकोळ वाटतो, पण गाठ चक्रवाढीशी आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० कोटींच्या नुकसानीची आजची किंमत पहिल्या दराने सुमारे २५ कोटी भरते, दुसऱ्याने जेमतेम ४७ लाख. ते नुकसान टाळायला आज किती खर्च करावा, हे यावरच ठरते. निव्वळ उशिरा जन्मल्याबद्दल स्टर्न कोणाचे हित कमी लेखत नाहीत. मानवजातच उरली नाही तर, एवढ्यापुरता ०.१ टक्का ते धरतात. बाकीचा दर पुढच्या पिढ्या अधिक सधन असतील या गृहीतकातून येतो. लेखकाने नॉर्डहाउस यांना सरळ विरोधी पक्षात बसवले आहे, ते तितकेसे न्याय्य नाही : कार्बनवर कर हवा हे तेही सांगत होते, फक्त सुरुवात हलक्या हाताने करा म्हणत. ‘केंब्रिजचा तरुण गणिती’ म्हणजे फ्रँक रॅम्से (१९०३–१९३०). पुढच्यांचे सुख कमी मोजणे नीतीला धरून नाही, हे त्याने १९२८च्या बचतीवरील लेखात मांडले.