विमानतळावरील सुरक्षा तपासणीत वस्तू राहिल्यास ती कोणाकडे जाते, परत कशी मिळते?

भेडाघाट (जबलपूर, मध्य प्रदेश) : नर्मदेच्या पात्रातील संगमरवरी कड्यांचे छायाचित्र टिपण्यासाठी पर्यटक पिशवी उघडतो आणि कॅमेरा मुंबईच्या विमानतळावर, तपासणीच्या ट्रेमध्येच राहिल्याचे त्याच्या ध्यानात येते. अशा वेळी अनेकांची पहिली धाव जबलपूरच्या डुमना विमानतळाकडे असते. मात्र वस्तू तेथे नसते. प्रवाशांची सुरक्षा तपासणी विमानात बसण्यापूर्वी, म्हणजे प्रस्थानाच्या विमानतळावर होते. त्यामुळे चौकशीही तेथेच करावी लागते. वाटेत विमान बदलले असेल आणि त्या ठिकाणी पुन्हा तपासणी झाली असेल, तर दोन्ही विमानतळांना कळवणे हिताचे ठरते.

वस्तू कोठे राहिली, यावर ती कोणाच्या ताब्यात आहे हे ठरते. ती तपासणीच्या ठिकाणी राहिल्यास सुरक्षा दल आणि त्यानंतर विमानतळ चालवणारी संस्था, विमानातील आसनाजवळ राहिल्यास विमान कंपनी आणि टॅक्सीत, नावेत किंवा घाटावर राहिल्यास स्थानिक पोलीस, अशी ही सर्वसाधारण विभागणी आहे.

वस्तूचा पुढील प्रवास

डिसेंबर १९९९ मधील कंदाहार विमान अपहरणानंतर देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) सोपवण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हे त्यातील पहिले विमानतळ ठरले. आज मुंबई, पुणे, नागपूर यांसह देशातील प्रमुख विमानतळांवर हेच दल तपासणी करते.

मालक समोर नसलेली वस्तू विमानतळावर प्रथम संशयास्पद मानली जाते. त्यामुळे ती जागेवर तशीच राहत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने तिची तपासणी होते, नोंद घेतली जाते आणि मालक न सापडल्यास ती विमानतळ व्यवस्थापनाच्या ‘हरवले-सापडले’ कक्षाकडे सुपूर्द केली जाते. सापडलेल्या वस्तूंची माहिती देणारा विभाग सीआयएसएफच्या संकेतस्थळावर आहे. जबलपूर, पुणे आणि कोल्हापूर येथील नागरी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. मुंबईसारख्या खासगी व्यवस्थापन असलेल्या विमानतळावर मात्र त्या कंपनीच्या कक्षाशी संपर्क साधावा लागतो.

दावा करताना

विमान सुटण्यापूर्वी विसर लक्षात आल्यास ज्या रांगेत तपासणी झाली, तेथील जवानांना तत्काळ सांगणे हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. विमानात बसल्यावर लक्षात आल्यास कर्मचाऱ्यांना कळवावे. प्रवास संपल्यानंतर विमानतळाच्या कक्षाला लेखी कळवणे उत्तम. त्यात प्रवासाची तारीख, विमान क्रमांक, टर्मिनल, तपासणीची अंदाजे वेळ आणि रांग यांचा उल्लेख असावा. वेळ आणि रांग जितकी नेमकी, तितके सीसीटीव्ही चित्रण पाहणे अधिकाऱ्यांना सोपे जाते.

मालकी पटवण्यासाठी बोर्डिंग पास, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि शक्य असल्यास खरेदीची पावती लागते. ‘काळा लॅपटॉप’ एवढे वर्णन पुरेसे ठरत नाही. अनुक्रमांक, झाकणावरील ओरखडा, पिशवीतील अन्य वस्तू अशा खुणा उपयोगी पडतात. मात्र सर्व खुणा समाजमाध्यमांवर जाहीर केल्यास खोटा दावा करणाऱ्याचे काम सोपे होते. स्वतः जाणे शक्य नसल्यास अधिकारपत्र देऊन नातेवाइकाला पाठवता येईल का, किंवा स्वखर्चाने कुरिअरची सोय होईल का, हे कक्षाला आधी विचारून घ्यावे. लिथियम बॅटरी असलेल्या उपकरणांच्या कुरिअरवर निर्बंध असतात.

विसरलेली आणि सोडून दिलेली वस्तू

चाकू, कात्री, लायटर यांसारखी वस्तू तपासणीत अडवली गेली आणि प्रवाशाने ती तेथेच सोडून दिली, तर तिला विसरलेल्या वस्तूचा न्याय सहसा लागू होत नाही. अशी वस्तू परत मिळण्याची अपेक्षा धरू नये. वेळ असल्यास कात्री किंवा चाकू चेक-इन सामानात टाकण्याची अथवा निरोप द्यायला आलेल्या व्यक्तीकडे देण्याची विनंती करता येते.

फोन आणि ओळखपत्र

फोन राहिल्यास तो दूरस्थ पद्धतीने लॉक करून सिम बंद करावे. मे २०२३ पासून देशभर उपलब्ध असलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून आयएमईआय क्रमांकाद्वारे हँडसेटही रोखता येतो. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि फोन परत मिळाल्यावर रोख उठवता येते. आधार कार्ड राहिल्यास परतीच्या प्रवासात डिजिटल ओळखपत्र उपयोगी पडते. परंतु ते उघडण्यासाठी नोंदणीकृत क्रमांकावर येणारा ओटीपी लागत असल्याने फोनही गेला असेल, तर आधी पर्यायी सिम घ्यावे.

पासपोर्टच्या बाबतीत घाई टाळावी. तो हरवल्याची अधिकृत नोंद झाल्यावर रद्द होतो आणि नंतर सापडला तरी प्रवासासाठी वापरता येत नाही. म्हणून प्रथम विमानतळाकडे खात्री करून घेणे श्रेयस्कर.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर ती ताब्यात घेणाऱ्यावर निक्षेपग्राहीइतकीच, म्हणजे ठेव सांभाळणाऱ्याइतकी, जबाबदारी येते. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. ट्रेमधील दुसऱ्याची वस्तू नजरचुकीने उचलली गेल्यास ती तत्काळ परत करणे म्हणूनच महत्त्वाचे.

भेडाघाटहून परतताना

जबलपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी, पुणे आणि कोल्हापूरच्या टर्मिनलसोबतच झाले. भेडाघाट आणि डुमना ही ठिकाणे शहराच्या दोन विरुद्ध दिशांना आहेत. त्यामुळे विमानतळावर पोहोचल्यावर पुन्हा घाटावर जाण्याइतका वेळ क्वचितच उरतो. नाव आणि टॅक्सी सोडण्यापूर्वीच सामान मोजून घ्यावे.

येथील दुकानांतून घेतलेल्या दगडी मूर्ती क्ष-किरण यंत्रात गडद दिसतात. त्या हातसामानात असल्यास पिशवी उघडून पाहिली जाण्याची शक्यता असते आणि अशा तपासणीच्या गडबडीतच दुसऱ्या ट्रेमधील घड्याळ, पाकीट किंवा चष्मा मागे राहतो. सुट्या वस्तू ट्रेमध्ये न ठेवता आधीच पिशवीच्या कप्प्यात टाकणे, एकाच गटातील शेवटच्या व्यक्तीने सर्व ट्रे रिकामे झाल्याचे पाहणे आणि पिशवीच्या आत नाव व पर्यायी संपर्क क्रमांक लिहून ठेवणे, एवढ्या दक्षतेने पुढील बराचसा पत्रव्यवहार टळतो.