पांढऱ्या नराचा वंश
अ‍ॅक्झोलॉटल हा मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सरोवरांतला सॅलमँडर. बेडकाचे पिल्लू कल्ले टाकून जमिनीवर येते. अ‍ॅक्झोलॉटल मात्र सहसा डोक्यामागचे पिसासारखे कल्ले आयुष्यभर बाळगतो, पाण्यातच राहतो आणि त्याच पोरवयाच्या रूपात अंडी घालतो. त्याचा मूळ रंग शेवाळी-काळपट, चिखलात सहज लपणारा. चिंचवडचा हौशी माणूस मोबाइलवर ज्या गुलाबीसर, सोनेरी किंवा तांबूस प्राण्याची किंमत विचारतो, त्याची वंशावळ युरोप-अमेरिकेतल्या काचेच्या टाक्यांतून आलेली असते.

तिची सुरुवात एका लष्करी स्वारीत आहे. तिसऱ्या नेपोलियनचे सैन्य मेक्सिकोत असताना तिथून ३४ जिवंत अ‍ॅक्झोलॉटल पॅरिसला रवाना झाले आणि १८६४ मध्ये पोहोचले. त्यांत एक नर पांढरा होता. त्यांपैकी सहा प्राणी ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले. १८६५ मध्ये त्यांना पिल्ले झाली आणि त्याच वर्षी काही पिल्लांचे कल्ले गळून ती जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी दिसू लागली. यामुळे शास्त्रज्ञ चक्रावले. फ्रायबर्गमध्ये मारी फॉन शोवां यांनी पाणी हळूहळू कमी करत हे रूपांतर घडवून दाखवले. १९१३ मध्ये लाउफबर्गर या शास्त्रज्ञाने थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून तेच साधले. पण प्राणी युरोपभर पसरला तो केवळ विज्ञानामुळे नव्हे. घरी मत्स्यालय ठेवण्याची हौस तेव्हा नवी होती आणि भरपूर अंडी देणारा हा पाहुणा हौशी लोकांनी एकमेकांना वाटून टाकला. पाळीव प्राणी आणि प्रयोगशाळेतला प्राणी या त्याच्या दोन्ही भूमिका सुरुवातीपासून जोडीनेच चालल्या.

आज सर्वत्र दिसणारा काळ्या डोळ्यांचा पांढरा अ‍ॅक्झोलॉटल त्या पॅरिसच्या नराचा वारसा मानला जातो. लाल डोळ्यांचा पांढरा आणि सोनेरी यांची कथा वेगळी आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात टायगर सॅलमँडर या दुसऱ्याच जातीची एक रंगहीन मादी सापडली. रूफस हंफ्री या शास्त्रज्ञाने तिची अंडी अ‍ॅक्झोलॉटलच्या शुक्राणूंनी फलित केली आणि रंगहीनतेचे जनुक या जातीत आणले. म्हणजे सोनेरी अ‍ॅक्झोलॉटल हा मुळात संकर. हंफ्री यांचा साठा इंडियाना विद्यापीठात वाढला आणि २००५ मध्ये केंटकी विद्यापीठात गेला. निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा प्राणी त्याहून अलीकडचा. त्याच्यात जेलीफिशचे जनुक घातलेले असते. भारतात जनुकबदल केलेल्या जिवांना १९८९ चे नियम लागू होतात, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

खरे दुर्मीळ म्हणावेत ते अर्ध्या अंगाने एका आणि अर्ध्या अंगाने दुसऱ्या रंगाचे प्राणी. भ्रूणावस्थेतल्या अपघातातून ते घडतात आणि ठरवून पैदा करता येत नाहीत. बाकी रंगांची दुर्मीळता बरीचशी बाजाराने ठरवलेली. उलट त्याच्या मूळ घरी, मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील शोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० अ‍ॅक्झोलॉटल होते, २०१४ पर्यंत सुमारे ३६ उरले. खरोखर दुर्मीळ झाला आहे तो साधा काळपट रानातला प्राणी, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

महाराष्ट्रात काचेआडचे जलचर पाहण्याची सवय लावली ती १९५१ मध्ये मुंबईत उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. पण घरोघरच्या टाक्यांत आले ते गोल्डफिश, गप्पी, एंजल असे आपली हवा सोसणारे मासे. अ‍ॅक्झोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. २४ च्या वर तो खाणे सोडतो, अंगावर बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे झुकणाऱ्या चिंचवडमध्ये त्यामुळे पाणी थंड करणारे यंत्र लागतेच. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत सोडाव्या लागतात. पवना नदीचे पाणी रावेतला उपसून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते, तेव्हा त्यात क्लोरीन मिसळतात. तो या पातळ त्वचेच्या प्राण्याला बाधतो. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी दिवसाआड येते. एरवी तक्रारीचा हा विषय इथे उपयोगी पडतो, कारण उघड्या पिंपात साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. टाकीत खडी नको, कारण अ‍ॅक्झोलॉटल ती गिळतो. खाद्य म्हणून गांडुळे उत्तम. पांढऱ्या आणि सोनेरी प्राण्यांना प्रखर दिवा खुपतो, म्हणून लपायला मडक्याचा तुकडा ठेवतात. टाकी मात्र प्राणी आणण्याआधी काही आठवडे चालू हवी. विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याआधी तयार होत नाहीत.

कायदा या हौसेपर्यंत उशिरा पोहोचला. अ‍ॅक्झोलॉटल वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि परिशिष्टातले असे परदेशी प्राणी भारतीय कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी ते बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली आणि आधीपासून पाळणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी ते कळवावे लागते. रंग कोणताही असो, नोंद जातीची होते.