विमानाची तार, शर्यतीची गाडी

शर्यतीच्या गाडीचे बोल्ट तारेने बांधायची रीत विमानांकडून आली. मी ती ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये मिग-२१ वर शिकलो. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक, त्यातून ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार, इंचाला ६ ते ८ पीळ. खरी मेख ओढीत आहे. बोल्ट सैल होऊ लागला की तारेने त्याला आवळायच्या दिशेलाच ओढलं पाहिजे; उलटी बांधलेली तार नुसती शोभेची. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती होत, विमान आणि गाडी तिथे एकाच पट्टीवर आली. आता ट्रॅकवर गाडी नेणारी पोरं माझ्याकडे तार मागायला येतात. बाबांनो, सळया बांधायची बाइंडिंग वायर वापरू नका, आणि एकदा सोडलेली तार पुन्हा लावू नका.