लाखेची जिल्हई : कातीव लांकडी वस्तूंच्या टिकाऊ लेपाविषयीं

जुनीं दप्तरें व पोथ्या यांच्याबरोबर पुष्कळ घरांतून लांकडी सामानही संग्राहकाच्या हातीं येतें. कलमदानें, सोंगट्या, कुंकवाचे करंडे, चौरंगाचे व पाळण्याचे कातीव पाय हे त्यांतील नेहमींचे प्रकार होत. कागद कसा राखावा याविषयीं आतां बरीच जागृति झाली आहे. परंतु लांकडी वस्तु मळकट दिसूं लागली कीं ती घासून नवी करून घ्यावी, ही चाल अद्यापि मोडलेली नाहीं. घासण्यानें मूळचा लेप जातो, आणि लेपाबरोबर त्या वस्तूच्या कालनिर्णयाचें एक साधनही कायमचें जातें. यास्तव कातीव लांकडावर आपल्या कारागिरांनीं कोणता लेप पसंत केला, कां केला, व तो जीर्ण झाला असतां काय करावें, याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

लांकडास चकाकी आणण्याचे आपल्याकडील मार्ग मुख्यतः तीन. पहिला तेलाचा, हा सोपा, पण त्याची चकाकी मंद. दुसरा रोगणाचा, म्हणजे जवसाच्या कढविलेल्या तेलांत राळ किंवा चंद्रस विरघळवून केलेल्या लेपाचा. तिसरा लाखेचा. लाख ही पळस, बोर, कुसुंब इत्यादि झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक कीटकापासून होते. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत लाक्षेस उद्देशून एक सूक्त आहे, व महाभारतांतील जतुगृह सर्वांस ठाऊकच आहे. चीन-जपानांतील प्रसिद्ध काळा लेप मात्र याहून सर्वस्वीं भिन्न. तो एका झाडाच्या चिकाचा असून दमट हवेंत घट्ट होतो व पुन्हा वितळत नाहीं. दोहोंस एकच नांव देण्याच्या प्रघातामुळें संग्रहांच्या याद्यांत बराच घोंटाळा झालेला आढळतो.

कातारी लाख लावतो ती ब्रशानें नव्हे, पातळ करूनही नव्हे. काडीलाख धुऊन दाणेलाख होते. ती कापडाच्या लांब पिशवींत भरून विस्तवापुढें पिळली म्हणजे गाळीव लाख निघते, व तिचे पातळ पत्रे ताणले कीं चपडा होतो. त्यांत रंग मळून कांड्या करतात. वस्तु पटाशीनें कातून गुळगुळीत झाल्यावर ती यंत्रावरून न उतरवितां, फिरत असतांनाच तिजवर कांडी दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडास धरते. मग केवड्यासारख्या ताठ पानाच्या पट्टीनें तो लेप सारखा पसरून घोटला कीं आरशासारखी जिल्हई येते. येथें वाळण्याची वाट पाहणें नाहीं. लेप निवाला कीं काम पुरें झालें. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टण येथें काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, बारीक कणाच्या लांकडावर हें काम आजही चालतें.

या कृतीचा आणि हस्तलिखितांचा संबंध वाचकांस वाटतो त्याहून निकटचा आहे. अबुल फज्लाच्या आईने अकबरींत चिकांच्या पडद्यांसाठीं लागणाऱ्या लाखेचें प्रमाण दिलें आहे : तांबड्या रंगास ४ शेर लाखेस १ शेर हिंगूळ, व पिवळ्यास ४ शेर लाखेस १ शेर हरताळ. पोथींतील चुकीच्या अक्षरांवर लेखक जो हरताळ फांसीत, तोच हा. व समासाच्या तांबड्या रेघांस जो हिंगूळ वापरीत, तोही हाच. एक पाऱ्याचें व दुसरें सोमलाचें द्रव्य असल्यामुळें जुनीं रंगीत खेळणीं मुलांच्या हातीं देऊं नयेत, हेंही येथें सांगून ठेवितों.

चिताऱ्याचें काम याहून निराळें. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत १२० पानें असतात. चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेल्या कापडावर चित्र काढून पाठीस लाखेचा लेप देण्याची तेथील जुनी रीत होती. लुप्तप्राय झालेली ही कला १९७१ पासून शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं राजवाड्यांत पुनः चालू केली. चिताऱ्याचा रंग लेपाखालीं असतो, कातऱ्याचा रंग लेपांतच असतो. म्हणून कातीव वस्तु घासली कीं रंग व लेप दोन्ही एकदमच जातात.

आतां कालनिर्णयाविषयीं. डांबरापासून काढलेला पहिला जांभळा रंग १८५६ सालीं इंग्लंडांत निघाला, व भडक किरमिजी रंग १८५९ सालीं निघाला. अर्थात् ज्या वस्तूच्या लांकडास लागून असलेल्या थरांत असा रंग आहे ती त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. वरच्या थरांत तो असल्यास मात्र इतकेंच सिद्ध होतें कीं मागाहून केव्हां तरी डागडुजी झाली. हा भेद थर शाबूत असतील तरच करतां येतो.

लाखेचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. ती सेंटिग्रेडच्या ७५ ते ८० अंशांच्या सुमारास वितळते व तत्पूर्वींच मऊ पडते. म्हणून तापलेल्या भांड्याचा वण उठतो. मद्यार्कांत ती विरघळते. क्षारही तिला सोसत नाहीं. टांकणखाराच्या पाण्यांत लाख कढवून व त्यांत काजळ खलून आपले लेखक शाई करीत. ज्या गुणानें ती शाई साधली, त्याच गुणानें धुण्याच्या सोड्यानें करंड्याची जिल्हई उतरते. परीक्षेसाठीं तळाशीं मद्यार्काचा एक बारीक थेंब लावावा. लेप मुळींच मऊ न पडला तर ती लाख नव्हे. मऊ पडला तर ती बहुधा लाख, परंतु कांहीं राळांचे लेपही तसेच वागतात, हें ध्यानांत असावें.

सारांश, नवीन वस्तु रोज पाण्यांत वा उष्णतेंत वापरावयाची असेल तर पॉलियुरेथेनसारखा आधुनिक लेप खुशाल द्यावा; त्या कामीं तो लाखेहून कणखर आहे. पण तो एकदां बसला म्हणजे घासल्यावांचून सहसा निघत नाहीं, म्हणून जुन्या वस्तूस तो वर्ज्य समजावा. जुन्या वस्तूची धूळ कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी, आणि उडालेल्या टवक्यापुरती लाखच भरावी. ती पुढें कोणासही काढतां येईल. पोथीचें फाटलेलें पान कोणी नव्या कागदावर उतरून घेऊन मूळ जाळीत नाहीं. करंड्याच्या लेपासही तोच न्याय लावावा, एवढेंच आमचें संग्राहकांस सांगणें आहे.