तह आणि जामीन

नेरे गांवाहून पनवेल फार दूर नाहीं. राघोबादादांस पुण्यास नेण्यासाठीं निघालेली इंग्रजी फौज १७७८ च्या अखेरीस तेथेंच उतरली. वास्तविक १७७६ मध्येंच पुरंदरास तह झाला होता; पण तो कलकत्तेकरांनीं केलेला, आणि मुंबईकरांस तो मनापासून मान्य नव्हता. पुढें वडगांवीं मुंबईकरांनीं हार खाऊन केलेला करार कलकत्त्यानें झुगारला! करार करणारा एक आणि मोडणारा दुसरा, असा हा खेळ १७८२ पर्यंत चालला. साळबाईस महादजी शिंदे उभयपक्षीं जामीन राहिले, तेव्हां कोठें युद्ध थांबलें. साष्टी मात्र गेली ती गेलीच.

इस्रायल व पॅलेस्टिनी यांच्या १९९३ च्या ऑस्लो कराराचेंहि असेंच झालें. राबिन व अराफत यांनीं हस्तांदोलन केलें. पण हमासनें करार धुडकावला, आणि १९९५ मध्यें राबिन यांचा खून एका ज्यू अतिरेक्यानेंच केला. शिवाय जेरुसलेम, निर्वासित, वसाहती व सरहद्द हे मूळ तंटेच पुढें ढकललेले होते. २००० मध्यें कॅम्प डेव्हिड येथें बोलणीं त्यांवरच अडलीं. साष्टी एका कलमानें देतां आली. दोन्ही पक्ष ज्यास आपली राजधानी म्हणतात, तें जेरुसलेम तसें देतां येत नाहीं. मध्यस्थ अमेरिका; पण ती इस्रायलची पाठीराखी, म्हणून पॅलेस्टिनींस तिचा भरंवसा वाटेना.